शिळा, पत्रा आणि रंग : प्रस्तावना

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलगाडीतून मळवलीच्या स्थानकावर उतरणारा मनुष्य बहुधा कार्ल्याच्या चैत्याकडे वळतो, एकवीरेच्या दर्शनाला जातो, भाज्याची लेणी पाहतो किंवा पाठीवर पडशी टाकून लोहगड-विसापूरची वाट धरतो. याच गावी एके काळी हिंदुस्थानातील रंगीत चित्रांचा एक नामांकित छापखाना होता आणि तेथून बाहेर पडलेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी देशभरच्या देवघरांत, ओसऱ्यांवर आणि दुकानांच्या गल्ल्यांमागे ठाण मांडले होते, ही गोष्ट त्याच्या गावीही नसते. प्रस्तुत ग्रंथाचा विषय मात्र लक्ष्मी-सरस्वती नव्हे. आधुनिक मुद्राचित्रकाराने एखाद्या धातूच्या पत्र्यावरून वा शिळेवरून कागदावर उतरविलेले, कोणत्याही वस्तूचे वा व्यक्तीचे रूप न दाखविणारे, केवळ रंग, रेषा आणि पोत यांच्या आधारावर उभे राहणारे चित्र हा त्याचा विषय आहे. अशा ग्रंथाच्या दारात रविवर्म्यांच्या छापखान्याला उभे करणे कित्येक कलासमीक्षकांना अप्रशस्त वाटेल, कारण आपल्याकडील आधुनिकांनी ज्याच्याशी भांडण काढून आपला स्वतंत्र संसार थाटला ते चित्र नेमके हेच होते. तरीही माझे असे मत आहे, की मराठी वाचकाला अमूर्त मुद्राचित्राकडे नेणारी सर्वांत जवळची वाट मळवलीच्या छापखान्यातून निघते; आणि तीही जेथे तयार चित्रे मांडून ठेवीत त्या दालनातून नव्हे, तर जेथे शिळा घासल्या जात आणि एकेक रंग एकेकटा छापून पाहिला जाई त्या जागेतून.

तो इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. राजा रविवर्मा यांनी आपल्या तैलचित्रांच्या रंगीत प्रती युरोपात छापून घ्याव्यात, अशी सूचना सर टी. माधवराव यांनी १८८४ साली पत्राने केली होती. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेला हा तंजावरकडील मराठी घराण्यातला मुत्सद्दी. एका चित्राची मालकी एकाच दरबाराकडे जाते आणि बाकीची प्रजा त्याला मुकते, हा हिशेब त्याच्या ध्यानात यावा यात आश्चर्य नाही. पुढे युरोपाऐवजी मुंबईसच छापखाना काढण्याची तजवीज झाली, गोवर्धनदास खटाव मखनजी यांच्या भागीदारीत १८९४ साली तो सुरू झाला, आणि शकुंतलेच्या जन्माचे चित्र त्यातून प्रथम बाहेर पडले. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, माणसे शहर सोडून जाऊ लागली, आणि १८९९ मध्ये छापखान्याचे बिऱ्हाड मळवलीस आले. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ सालीच खुला झालेला असल्याने मुंबई आणि पुणे या दोन्ही बाजारपेठा हाताशी होत्या. हवा निरोगी होती. आणि शिळाछापाला ज्याची पावलोपावली गरज लागते त्या पाण्याचा इंद्रायणीच्या या खोऱ्यात दुष्काळ नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्यांनी हा कारखाना तेथील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकला. श्लायशर हे व्यवहारी गृहस्थ असल्यामुळे देवादिकांच्या चित्रांबरोबरच कॅलेंडरे, पोस्टकार्डे आणि मालाच्या वेष्टनांवरील चिठ्ठ्या यांचीही छपाई होऊ लागली. महादेव विश्वनाथ धुरंधरांसारख्या चित्रकारांची कामे येथे छापली गेली. चित्रपटांकडे वळण्यापूर्वी धुंडिराज गोविंद फाळके यांनी लोणावळ्यास याच छापखान्यासाठी छायाचित्रावरून शिळेवर प्रतिमा उतरविण्याचे काम केले, स्वतःचा छापखाना काढला, आणि रंगीत छपाईचे नवे तंत्र शिकण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालचा. तेव्हा भारतीय चित्रपटाचा जनकही मावळातल्या शाईने हात काळे करूनच पुढे गेलेला आहे, एवढे येथे नमूद करून ठेवतो. १९७२ साली लागलेल्या आगीत कारखान्याची फार मोठी हानी झाली आणि तो इतिहास तेथे थांबला.

एक विरोधाभास मात्र सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. सभोवार सगळा मुलूख दगडाचा. भाज्याला आणि कार्ल्याला दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी त्याच दगडात लाकडी कमानींची हुबेहूब प्रतिकृती कोरली. पण शिळाछापासाठी लागणारा एकही दगड मावळाला देता आला नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण घट्ट आणि ज्वालामुखीजन्य. शिळाछापाला हवा तो सूक्ष्म कणांचा, सच्छिद्र, पाणी आणि तेल दोन्ही धरून ठेवणारा चुनखडक, आणि त्याची उत्तम जात बव्हेरियातील झोल्नहोफेनच्या खाणींत मिळे. १७९६ ते १७९८ या काळात म्युनिकमध्ये आलोइस झेनेफेल्डर याने या दगडाचा गुण हेरला. तेलकट खडूने दगडावर चित्र काढावे, दगड ओला करावा, वरून शाईचा रूळ फिरवावा. ओल्या भागावर शाई बसत नाही, तेलकट भागावर बसते, एवढ्या साध्या रासायनिक वैरावर सारी विद्या उभी आहे. हे वैर वाचकाने लक्षात ठेवावे, कारण दीडशे वर्षांनी पॅरिसमधील एका तेलुगू कलावंताच्या पत्र्यावर ते वेगळ्या रूपाने पुन्हा भेटणार आहे.

आता मळवलीच्या छापाचे एखादे जुने चित्र, मग ते वाळवीने खाल्लेले असले तरी चालेल, उजेडात धरून भिंगाखाली पाहावे. दुरून जो देवीच्या पदराचा एकसंध तांबडा रंग वाटतो, तो भिंगाखाली विरघळतो. गुलाबी ठिपके, त्यांच्यामधून डोकावणारे पिवळे ठिपके, घडीच्या सावलीत निळसर आणि तपकिरी ठिपके, कोठे एकमेकांवर चढलेले, कोठे शेजारी शेजारी बसलेले. पदर असा कोठेच नाही. हे ठिपके यंत्राने पाडलेले नव्हेत. मूळ तैलचित्रासमोर बसून कोणत्या रंगाचा किती अंश कोठे पडला आहे याचा अंदाज डोळ्यांनी घ्यावा, प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा घ्यावी, आणि त्या शिळेवर फक्त त्या रंगाचे ठिपके एकेक करून मांडावे, असा हा कसबी धंदा होता. एका चित्राला दहा-बारा शिळा सहज लागत, काहींना त्याहून पुष्कळ. प्रत्येक शिळेवरून तोच कागद पुन्हा यंत्रात जाई, आणि आधीच्या रंगावर पुढचा रंग बरोबर बसावा म्हणून समासात बारीक खुणा केलेल्या असत. छापखान्यातील लोकांच्या भाषेत याला रजिस्टर म्हणतात. ते केसभर चुकले तरी देवीचा ओठ गालावर सरकतो. पावसाळ्यात हवेतील दमटपणाने कागद ताणला जातो, हे ज्याला ठाऊक आहे आणि ज्याने लोणावळ्याचा आषाढ पाहिला आहे, त्याला या कामगारांच्या चिकाटीची थोडी कल्पना करता येईल.

यातली गोम अशी, की या दहा-बारा शिळांपैकी कोणतीही एक घेऊन तिचा एकटीचा छाप कोऱ्या कागदावर काढला, तर त्यात देवी दिसणार नाही. पिवळ्या शिळेचा छाप म्हणजे विखुरलेल्या पिवळ्या बेटांचा एक अनोळखी नकाशा. निळ्या शिळेचा छाप म्हणजे ढगांसारखा दाट-विरळ होत जाणारा निळा प्रदेश. त्या छापात रंग आहे, भार आहे, रिकामी जागा आहे, लय आहे. फक्त विषय नाही. म्हणजे मळवलीच्या मजुराने रोज सकाळी जी गोष्ट हातात धरली ती कोणत्याही व्याख्येने अमूर्त रचनाच होती. बाजाराने मागितलेली देवी पुरी होईपर्यंत तो एकेक अमूर्त थर दुसऱ्याखाली गाडीत गेला, एवढेच. आधुनिक मुद्राचित्रकाराने काय केले, असे मला कोणी एका वाक्यात विचारले तर मी म्हणेन, की तो देवीपर्यंत पोहोचण्याच्या आधी थांबला, आणि थरच पाहण्याजोगे आहेत असे त्याने ठरविले. या ग्रंथातील सारे विवेचन या एका विधानाचा विस्तार आहे, आणि ते ज्याला अमान्य असेल त्यानेही पुढील पाने वाचावीत अशी माझी विनंती आहे, कारण पुरावा तेथे आहे.

मराठी मुलखात छापविद्येची वंशावळ मळवलीपासून सुरू होत नाही. पुण्यास ब्रिटिश रेसिडेंट मॅलेट याच्या सान्निध्यात नाना फडणविसांच्या कारकिर्दीत नागरी अक्षरांचे ठसे कोरण्याचा उद्योग एका तांबटाकडून सुरू झाला होता. पुढे तोच कारागीर मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला गेला, आणि १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. भांडी घडविणाऱ्या हाताने पत्रा कोरून कागदावर उठवावा, ही घटना आपल्या कलेतिहासात केवळ ग्रंथमुद्रणाच्या सदरात टाकली जाते. माझ्या मते ती मुद्राचित्राच्या सदरातही दाखल व्हावयास हवी. १८३१ साली मुंबईस गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून स्वतःच्या हिकमतीने शिळायंत्र आणि शाई सिद्ध केली व पंचांग छापले. १८७८ साली पुण्यात चित्रशाळा स्थापन झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे नाव तिच्याशी निगडित आहे, आणि पौराणिक व ऐतिहासिक चित्रे मराठी घरांत स्वस्तात पोहोचवावीत हा तिचा उद्देश राष्ट्रीय होता तसाच व्यापारीही होता. या तिन्ही प्रयत्नांत चित्र किंवा अक्षर हे साध्य आणि छपाई हे साधन होते. साधनच साध्य व्हावे ही कल्पना त्या काळात कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते, आणि ती न आल्याबद्दल त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

नवख्या वाचकासाठी मुद्राचित्राच्या मुख्य पद्धती येथे सांगून टाकतो. लाकूड किंवा लिनोलियम कोरून उरलेल्या उंच भागावर शाई लावणे ही पहिली. धातूचा पत्रा हत्याराने कोरून किंवा आम्लात बुडवून, पडलेल्या खाचांत शाई भरून, वरचा भाग पुसून, ओलसर कागदावर प्रचंड दाबाने ती शाई उचलणे ही दुसरी, हिच्यात कोरीव काम, एचिंग, ॲक्वाटिंट असे पोटभेद. शिळाछाप ही तिसरी. आणि ताणलेल्या रेशमी वा कृत्रिम जाळीतून शाई खाली दाबणे ही चौथी. जपानी काष्ठमुद्रेने रंगागणिक वेगळा ठसा ठेवून जी अद्भुत शिस्त निर्माण केली ती पहिल्या पद्धतीची पराकाष्ठा होय. दुसऱ्या पद्धतीचा स्वभाव मुळात काळ्या शाईचा. तिला रंग सहजासहजी लाभत नव्हता, कारण प्रत्येक रंगाला वेगळा पत्रा करावा तर ओला कागद प्रत्येक दाबाला थोडा वाढतो आणि रजिस्टर बिघडते. ही अडचण कोणी व कशी सोडविली, हाच आपल्या विषयाचा गाभा आहे.

युरोपात अमूर्त चित्राचा आणि छापाचा संबंध प्रथमपासूनच निकटचा होता. वासिली कांडिन्स्की १८९६ ते १९१४ या काळात बहुतांशी म्युनिक येथे राहिला, म्हणजे झेनेफेल्डरच्याच गावी. त्याने काष्ठमुद्रा केल्या, आणि १९२२ साली बाउहाउसमध्ये बारा छापांचा ‘लहान जगे’ या अर्थाच्या नावाचा संच काढला, ज्यात काष्ठ, शिळा आणि पत्रा या तिन्ही पद्धती त्याने एकत्र आणल्या. पण रंगीत पत्र्याचा प्रश्न सोडविण्याचे श्रेय जाते ते स्टॅन्ली विल्यम हेटर या इंग्रज गृहस्थाच्या कार्यशाळेला. हेटर शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ, तरुणपणी इराणच्या अबादान येथे तेल कंपनीत नोकरी केलेला. १९२७ साली त्याने पॅरिसमध्ये कार्यशाळा काढली आणि पुढे रस्त्यावरील घराच्या क्रमांकावरून तिला ‘आतल्ये सतरा’ हे नाव पडले. पिकासो आणि मिरो तेथे काम करून गेले; युद्धकाळात ती न्यूयॉर्कला गेली, तेथे जॅक्सन पोलॉक येऊन गेला; १९५० साली ती पॅरिसला परतली. गुरु-शिष्य हे नाते तेथे फारसे कडक नव्हते. जो यंत्राजवळ उभा असेल त्याने प्रयोग करावा आणि शेजाऱ्याने पाहून शिकावे, अशी तेथील वहिवाट होती, आणि हिंदुस्थानातून गेलेल्या दोन तरुणांना ती मानवली.

त्यांपैकी कैको मोती हे मुंबईचे, १९२१ सालचा जन्म, सर ज. जी. कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. दुसरे कृष्णा रेड्डी, १९२५ साली चित्तूर जिल्ह्यात जन्मलेले, शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या हाताखाली शिकलेले, नंतर लंडनच्या स्लेड विद्यालयात हेन्री मूर यांच्याकडे आणि पॅरिसला झाडकिन यांच्याकडे शिल्पकला शिकलेले. रेड्डी मूलतः शिल्पकार होते, ही बाब निर्णायक ठरली. चित्रकार पत्र्याकडे कागदासारखा पाहतो. शिल्पकार त्याच्याकडे जमिनीसारखा पाहतो, उंच कोठे, खोल कोठे, उतार कसा. हेटरच्या कार्यशाळेत या मंडळींनी जी पद्धती सिद्ध केली तिचे सारे मर्म शाईच्या दाटपणात आहे. पत्रा आम्लाने आणि हत्यारांनी अनेक पातळ्यांवर खोदलेला असतो. प्रथम एक रंग खाचांत भरून मलमलीने वरचा भाग स्वच्छ पुसतात. मग जवसाचे तेल घालून पातळ केलेल्या शाईचा कठीण रूळ हलक्या हाताने फिरवितात. तो कठीण असल्यामुळे फक्त माथ्याला लागतो. त्यानंतर तेल न घातलेल्या, दाट शाईचा मऊ रूळ जोर देऊन फिरवितात. तो दबून खालच्या पातळीपर्यंत उतरतो, तेथील उघड्या धातूला आपला रंग देतो, पण माथ्यावर आधीच बसलेली पातळ तेलकट शाई या दाट शाईला आपल्या अंगावर बसू देत नाही. झेनेफेल्डरचे तेल आणि पाणी यांचे वैर येथे तेल आणि तेल यांच्यात आले. अशा रीतीने तीन, चार किंवा अधिक रंग एकाच पत्र्यावर एकत्र नांदतात आणि कागदावर एका दाबात उतरतात. मळवलीत एका चित्राला बारा शिळा आणि बारा फेऱ्या. येथे एक पत्रा आणि एक फेरी.

रेड्डींचे १९६३ सालचे ‘व्हर्लपूल’ हे मुद्राचित्र या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. त्यात पाण्याचा भोवरा दाखविलेला नाही. मध्याकडे ओढल्या जाणाऱ्या आणि पुन्हा कडेकडे फेकल्या जाणाऱ्या वक्र पृष्ठांची एक गुंतवळ आहे, आणि ती दृष्टीला जी गती देते तिलाच भोवरा हे नाव शोभते. तिरप्या उजेडात पाहिले असता त्याच्या रेषा कागदाच्या पृष्ठभागावरून किंचित वर उठलेल्या दिसतात, कारण शाई खाचेच्या खोलीएवढी जाड होऊन उतरते. एकाच रेषेच्या दोन काठांना दोन वेगळे रंग असतात. तिच्या माथ्याला एक शाई मिळाली, उताराला दुसरी. असा रंग कुंचल्याने लावता येत नाही. आणखी एक गोष्ट अशी, की शाईत तेलाचे चार थेंब कमी-जास्त झाले की रंगांचे नाते बदलते, म्हणून त्याच पत्र्याच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर छटांत भेद दिसतो. ज्या विद्येचा जन्मच हुबेहूब प्रती काढण्यासाठी झाला, तिच्या पोटी प्रतींचा भेद हा गुण मानणारी शाखा निघाली. रेड्डींनी हेटरबरोबर त्या कार्यशाळेचे सहसंचालकपद सांभाळले, पुढे न्यूयॉर्क येथे अध्यापन केले, १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली ते निवर्तले. त्यांच्या चित्रांत ‘विदूषक’ किंवा ‘रांगणारा अपू’ यांसारखी नावे आढळतात, तेव्हा ते कट्टर अमूर्तवादी होते असे कोणी म्हणू नये. पण पत्र्याला त्यांनी जे स्वातंत्र्य दिले त्याचा पुरेपूर फायदा अमूर्तानेच घेतला.

भारतात परतणाऱ्या प्रवाहाचे वर्णन लांबविण्याची गरज नाही. दिल्लीत कंवल कृष्ण यांनी पॅरिसहून परतल्यावर रंगीत, उठावदार पोताची अमूर्त मुद्राचित्रे केली. जगमोहन चोप्रा यांच्याभोवती १९६८ साली ‘ग्रुप एट’ हा मुद्राचित्रकारांचा गट जमला. १९७० साली स्मिथसोनियन संस्थेच्या वतीने पॉल लिंग्रेन यांनी दिल्लीस चालविलेल्या कार्यशाळेमुळे कित्येकांना नवी साधने मिळाली. शांतिनिकेतनात सोमनाथ होर यांनी १९७० नंतर रंग जवळजवळ सोडून देऊन पांढऱ्या लगद्यावर जखमांसारखे उठाव उमटविले. रंगीत चित्राच्या ग्रंथात त्यांना जागा कशी, असे कोणी विचारील, तर रंग वगळण्याचा निर्णय हाही रंगाचाच निर्णय असतो असे माझे उत्तर आहे. बडोद्याला ना. भि. जोगळेकरांनी मुद्राचित्राचा विभाग उभा केला आणि ज्योती भट्ट यांच्यासारखे शिष्य घडविले. मुंबईत ज. जी.मध्ये वाय. के. शुक्ल आणि नंतर वसंत परब यांनी ही विद्या जागती ठेवली. अकबर पदमसी यांनी १९६९ ते १९७२ या काळात आपल्या अधिछात्रवृत्तीच्या पैशांतून ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ चालविले, ज्यात एचिंगचे यंत्र चित्रपटाच्या कॅमेऱ्याशेजारी नांदत होते.

येथे मला एक तक्रार नोंदवावयाची आहे. अमूर्त चित्रकलेत मराठी माणसांचा वाटा नावे मोजली तरी डोळ्यांत भरतो : नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे, अकोल्याचे अंबादास, शंकर पळशीकर, प्रभाकर बरवे, प्रभाकर कोलते. गायतोंडे तर रंग रुळाने आणि सुरीने चढवीत, थर देत आणि थर काढीत. त्यांचे तंत्र छापखान्याच्या इतके जवळ आहे की त्यांचे चित्र एखाद्या मुद्राचित्रकाराच्या हातून निसटलेले वाटावे. बरवे आणि अंबादास विणकर सेवा केंद्रात नोकरी करीत असताना कापडावरील रंगछपाईच्या सान्निध्यात वावरले. असे असताना आपल्या अमूर्ताची कीर्ती कॅनव्हासवरच का राहिली? कारण कलात्मक नसून बहुतांशी व्यावहारिक आहे. कॅनव्हास भाड्याच्या खोलीत ताणता येतो; एचिंगच्या यंत्राला मजबूत जमीन, आम्लाच्या धुराला वाट, आणि दाब देणारा दुसरा हात लागतो. ही सारी तजवीज एकट्या माणसाला न परवडणारी असल्यामुळे सामाईक कार्यशाळा हवी, आणि आपल्याकडे सामाईक कार्यशाळा कोणाच्या तरी व्यक्तिगत उत्साहावर उभ्या राहतात व तो सरला की बंद पडतात. त्यात गिऱ्हाइकाच्या मनातला जुना ग्रह भर घालतो : छापलेले ते स्वस्त, आणि स्वस्त ते देवघरातले. मळवलीच्या यशाने मुद्राचित्राला दिलेला हा वारसा फार महागात पडला.

हा ग्रह आज एका नव्या घोटाळ्याला जन्म देत आहे, आणि म्हणूनच या विषयाचे विवेचन आताच होणे अगत्याचे झाले आहे. लोणावळा-खंडाळ्याच्या नव्या बंगल्यांत आणि हॉटेलांत, पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत, संगणकाच्या छपाईयंत्रावर कॅनव्हासवर काढलेल्या रंगीबेरंगी अमूर्त प्रती ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून क्रमांक टाकून विकल्या जातात. क्रमांक टाकण्याची चाल मुद्राचित्राची आहे. पत्र्याच्या छापाखाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने ७/५० असे लिहिलेले असते, उजवीकडे सही असते, ठरलेल्या प्रती निघाल्यावर पत्रा रद्द करतात. या मर्यादेमागे बाजाराचा स्वार्थ अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. पण सुईने ओरखडलेल्या तांब्याच्या रेषेची मऊ कड प्रत्येक दाबाखाली झिजत जाते आणि थोड्याच छापांत नाहीशी होते, ही त्या मर्यादेची प्रामाणिक बाजू आहे. संगणकाच्या फाइलीला झीज नाही. तेथे पन्नासाव्या प्रतीनंतर थांबणे हा केवळ विक्रेत्याचा शब्द. दोहोंतला भेद ओळखण्याचे साधे उपाय वाचकाच्या हाती असावेत, एवढाच मर्यादित पण उपयुक्त हेतू या ग्रंथाच्या एका भागाने बाळगला आहे. कागदावर पत्र्याच्या कडेचा दाब उमटला आहे काय, तिरप्या उजेडात शाईला उंची दिसते काय, भिंगाखाली रंग एकसंध पसरतो की यंत्राच्या नियमित ठिपक्यांत फुटतो, एवढे पाहणाऱ्याला फसविणे कठीण.

या ग्रंथात काय नाही तेही सांगावयास हवे. कलावंतांची समग्र सूची येथे नाही. ज्यांचे काम मी पुरेसे जवळून पाहिलेले नाही त्यांच्यावर मत देण्याचे मी टाळले आहे. मूर्त मुद्राचित्राची थोर परंपरा, विशेषतः १९४६ पासून मुंबईत राहून लिनोलियमवर गोरगरिबांचे दुःख कोरणारे चित्तप्रसाद, केवळ विषयाच्या मर्यादेमुळे बाहेर राहिली आहे. एका बाजूला मळवलीचा जुना छाप आणि दुसऱ्या बाजूला आधुनिक रंगीत पत्रा ठेवून, दोघांना एकाच भिंगाने पाहण्याची सवय वाचकाला लागावी, आणि अमूर्त चित्रापुढे उभे राहून ‘यात काय दाखविले आहे’ असे विचारण्याऐवजी ‘हे कसे छापले असेल’ असे विचारावेसे वाटावे, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचदा पहिल्याचेही उत्तर देऊन जाते, असा माझा अनुभव आहे.

पारिभाषिक शब्दांबाबत कलाशाळेतील विद्यार्थी आणि छापखान्यातील कामगार जे शब्द प्रत्यक्ष वापरतात तेच ठेवले आहेत. एचिंग, रजिस्टर, प्रूफ, रूळ यांना संस्कृत पर्याय घडविण्याचा मोह आवरला आहे, कारण अशा पर्यायांनी पुस्तक भारदस्त दिसते पण यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाला ते कळत नाही. ग्रंथातील रंगीत चित्रे ऑफसेट यंत्रावर चार शायांनी छापलेली आहेत, म्हणजे रेड्डींच्या पत्र्यावरील शाईची उंची त्यांत उतरलेली नाही आणि उतरू शकतही नाही. वाचकाने त्यांचा उपयोग कोणते चित्र कोणते एवढे ओळखण्यापुरताच करावा, आणि मूळ मुद्राचित्र जेथे पाहावयास मिळेल तेथे, काचेवर उजेड पडत असल्यास जरा बाजूला सरून, ते स्वतः पाहावे.